पूर्व दरवाज्याची दोन तिकिटे

कागद खोटे बोलतो तेव्हा तो नेमका कुठे खोटे बोलतो, हे शोधून काढण्यात तपासनिसांची उभी हयात गेली. सरकारी प्रयोगशाळेच्या दस्तऐवज विभागात ते रुजू झाले तेव्हा त्यांच्या हाताखाली कोणी नव्हते, आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बरोबरीचे कोणी नव्हते. निदान त्यांचे स्वतःचे मत तसे होते, आणि ते खोडून काढण्याची हिंमत विभागात कोणी केली नाही. खरवडलेला आकडा, गिरवलेली सही, जुन्या मृत्युपत्रावरची नवी शाई, यांतले काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. उलटतपासणीला उभे राहिलेले भलेभले वकील त्यांनी पाणी पाजून परत पाठवले होते. माणसांच्या बाबतीत मात्र असे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते, आणि साधनाशिवाय मत देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यामुळे माणसांविषयी ते मतच बनवत नसत, किंवा जे बनवत ते साधनाशिवाय बनवले आहे हे त्यांच्या लक्षात येत नसे.

पत्नी गेल्यावर काही काळ ते एकटे राहिले. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरला, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ते ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले. हाड मोडले नव्हते. फक्त उठता येत नव्हते आणि हाकेला ओ द्यायला कोणी नव्हते. परदेशात राहणाऱ्या लेकीने हे ऐकले आणि त्यांना विमानात बसवून आपल्याकडे आणले. आता त्यांच्या पाहुणेपणाची मुदत संपत आली होती, आणि प्रश्न एकच उरला होता: त्यांनी लेकीकडे कायमचे राहायचे, की त्या फरशीकडे परत जायचे.

निर्णय जावयाच्या हातात होता, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

लग्न ठरवण्याच्या बैठकीत, चहाचे कप अजून हातात असताना, तपासनिसांनी मुलाची प्रमाणपत्रे मागून घेतली होती. सगळ्यांना वाटले, कौतुकाने पाहत असतील. त्यांनी खिशातून भिंग काढले, पदवीच्या कागदावर धरले आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर शांतपणे सांगितले, की वर्षाच्या आकड्यातला शेवटचा अंक पात्याने खरवडून पुन्हा लिहिलेला आहे. मुलाचे वडील शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचा कप बशीवर इतका वाजला, की शेवटी तो त्यांनी खाली ठेवून दिला. पुढे विद्यापीठाने लेखी कळवले, की चूक त्यांच्याच कारकुनाची होती आणि दुरुस्तीही त्यानेच केली होती. लग्न झाले. तपासनिसांनी मात्र शब्द मागे घेतला नाही. "अंक खरवडलाय एवढंच मी म्हणालो," ते आजही सांगत. "तो कोणी खरवडला, हे कागद सांगत नाही. मी कुणाला चोर म्हटलंच नव्हतं."

जावयाने त्यावर कधी एक अक्षर काढले नाही. तो पुलांचे आराखडे करणारा अभियंता होता, आणि कमी बोलणे हा त्याचा स्वभाव आहे की ठराव, हे कळायला मार्ग नव्हता. सासरे आल्यापासून त्याने आपली कामाची खोली त्यांना दिली होती आणि स्वतः जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसत होता. जेवायची वेळ झाली, की तो ते गुंडाळून कोपऱ्यात उभे करी.

"जावईबापू, तुमची सही पाहिली मी भाडेकरारावर," तपासनीस एकदा त्याला म्हणाले होते. "शेवटची रेघ थरथरलीय. अशा हाताच्या माणसानं पूल बांधू नयेत."

"बांधत नाही, बाबा. नुसते काढतो," जावई म्हणाला, आणि त्याने नकाशे गुंडाळायला घेतले.

त्या दिवशी तो कामावर गेल्यावर लेक बापासमोर येऊन बसली. ती दातांच्या दवाखान्यात काम करत असे; समोरच्याचे तोंड उघडायला लावण्याची तिला सवय होती.

"बाबा, मी त्याला विचारलंय. तुम्ही इथंच राहण्याबद्दल."

"मग?"

"विचार करतो म्हणाला. तोवर तुम्ही जरा गोड बोला ना त्याच्याशी."

"गोड बोलणं म्हणजे काय? पुरावा नसताना बोलणं?"

"हो! तेच!" लेक वैतागून म्हणाली. "जग बोलतं तसं. त्यात तुमचं काय जाणार आहे?"

विनंती करणे तपासनिसांना जमत नसे; जन्मभर लोक त्यांच्याकडे विनंती घेऊन आले होते आणि ती दिसायला किती केविलवाणी असते हे त्यांनी टेबलाच्या अलीकडून पाहिले होते. पण न मागता मागायचा काही मार्ग असला, तर तो शोधायला हरकत नव्हती. त्यांनी तो शोधला, आणि आपल्या पद्धतीने, निरीक्षणातून शोधला.

एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, दुपारी, जावई गळ्यात हिरवा मफलर गुंडाळून बाहेर पडे. मफलरावर शहरातल्या फुटबॉल क्लबाचे चिन्ह होते. परत येई तेव्हा त्याचा आवाज बसलेला असे. एवढ्यावरून माणूस सामन्याला जातो असे कोणीही म्हणाले असते; तपासनीस म्हणाले नाहीत. कारण एका रविवारी, सवयीने, त्यांनी दाराजवळ टांगलेल्या कोटाचे खिसे पाहिले होते. मग पाकीट पाहिले. मग कचऱ्याचा डबाही पाहिला. कुठेही तिकीट नव्हते, तिकिटाचा फाडलेला तुकडाही नव्हता. कागद नाही, त्याअर्थी प्रवेश नाही. बिचारा कुठल्यातरी मद्यालयात उभा राहून, भिंतीवरच्या पडद्याकडे पाहून ओरडत असणार. या निष्कर्षात त्यांना कुठे फट दिसली नाही. जावयाला सरळ विचारावे हे त्यांच्या मनात आले नाही. ज्याच्याविषयी तपास चालू आहे त्यालाच विचारणे ही त्यांच्या धंद्यातली नवशिक्यांची चूक समजली जाई.

तेव्हा जावयाला हंगामातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्याचे तिकीट आणून द्यायचे, शेजारी बसून सामना पाहायचा, आणि मग त्याने आपणहून म्हणायचे, की बाबा, राहा इथेच. तपासनिसांनी पारपत्र खिशात घातले आणि ते एकटे मैदानावर गेले.

मैदान म्हणजे बाहेरून पाहता एक प्रचंड राखी भिंत होती, आणि तिच्या पायाशी एक छोटी खिडकी. आतली बाई नखे रंगवत होती. तपासनिसांचे आणि तिचे इंग्रजी सारखेच तोडके होते, त्यामुळे बोलणे मुद्देसूद झाले.

"सभासद आहात?"

"पाहुणा आहे. हे पारपत्र."

"ते ठेवा. शनिवारचं नाही मिळणार. सभासदांनाच पुरत नाहीत. पुढच्या महिन्यात बुधवारी एक सामना आहे, त्याला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तो देऊ?"

"मला शनिवारचाच पाहिजे."

"शनिवारचा सगळ्यांनाच पाहिजे, आजोबा."

"मी तुमचा आजोबा नाही."

"नाहीच," ती नखांवर फुंकर मारत म्हणाली. "माझ्या आजोबांकडे तिकीट आहे."

ते परत फिरले तेव्हा भिंतीलगतच्या बाकावर बसलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले. राखी कोट, नीट कोरलेली दाढी, चकचकीत बूट. त्यांच्याकडे शनिवारची दोन तिकिटे होती. पूर्व दरवाजा, शेजारशेजारच्या जागा. ते स्वतः आणि त्यांची पत्नी कित्येक वर्षे तिथेच बसत आले होते; पण यंदा ती अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्याशिवाय एकट्याने जायला त्यांचे मन घेत नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला.

पत्नीच्या आजाराविषयी तपासनिसांनी एकही प्रश्न विचारला नाही. तो त्यांच्या विभागाचा विषय नव्हता. "तिकिटं दाखवा," ते म्हणाले.

ते बाकावर बसले, भिंग काढले आणि कामाला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोटांना काम मिळाले होते. कागदाचा पोत, कडांचे दात, आकड्यांची छपाई, क्लबाच्या चिन्हाभोवतीच्या केसासारख्या रेषा: नकली तिकिटात या रेषा एकमेकींत मिसळतात, इथे प्रत्येक रेष वेगळी उभी होती. मग त्यांनी टोपी काढून तिकिटांवर झाकणासारखी धरली आणि तिच्या अंधारात जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी लावली. कागदातले धागे पिवळे-हिरवे चमकले, अगदी जिथे चमकायला हवेत तिथे. गृहस्थ अजिबात कंटाळले नाहीत. उलट टोपी धरायला त्यांनी हात पुढे केला.

"तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नाही," ते म्हणाले.

"भेटणारही नाही," तपासनीस म्हणाले.

गृहस्थांनी सांगितली ती किंमत त्यांनी घासाघीस न करता दिली. अस्सल वस्तूची घासाघीस करणे त्यांना कमीपणाचे वाटे. बाकामागे भिंतीवर एक मोठी पाटी होती, तांबड्या अक्षरांत, तिथल्या भाषेत. ती तपासनिसांना वाचता येत नव्हती, आणि कोणाला वाचून दाखव म्हणावे असे काही कारण त्यांना दिसले नाही.

जेवताना त्यांनी ती तिकिटे जावयाच्या ताटाशेजारी ठेवली.

जावयाचा घास हातातच राहिला. त्याने डाव्या हाताने एक तिकीट उचलले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"अगंबाई!" लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही कुणासाठी काही विकत आणलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघतेय. आई असती तर दृष्ट काढली असती तुमची."

"तिला तसल्या गोष्टींवर विश्वास होता," तपासनीस म्हणाले. पण त्यांचे लक्ष जावयाच्या चेहऱ्याकडे होते. त्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेले. तो आनंद आहे, असे त्यांनी ठरवले.

"कोणाकडून घेतलीत?" जावयाने विचारले.

"एका सभ्य गृहस्थाकडून. बायको आजारी आहे त्यांची."

"अरेरे." जावयाने तिकीट हलकेच खाली ठेवले. "आणि तुम्ही नीट तपासलीत ना?"

"तपासली म्हणजे!" तपासनिसांनी खुर्ची पुढे ओढली. मग आमटी निवेपर्यंत त्यांनी धागे, रेषा आणि कडांचे दात समजावून सांगितले. जावयाने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. इतक्या वर्षांत त्याने सासऱ्यांचे बोलणे इतके मन लावून कधी ऐकले नव्हते.

"म्हणजे शंभर टक्के अस्सल," शेवटी तो म्हणाला.

"माझ्या सहीनिशी लिहून देतो."

"नको, नको. तुमचा शब्द पुरे." जावई हसला, तसा तो फारसा हसत नसे. "मग शनिवारी जाऊच. पूर्व दरवाज्याशी माझ्या ऑफिसातले लोकही असतात. त्यांनाही भेटवतो तुम्हाला. अशी परीक्षा त्यांनी कधी ऐकली नसेल."

दुसऱ्या दिवशी लेकीने बापाला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजत सांगितले, "काम फत्ते, बाबा. राहण्याचं काय ते शनिवारी मैदानावर मीच त्यांना सांगतो, म्हणाला. हसत म्हणाला हो!"

शनिवारी पूर्व दरवाज्यापुढे हिरव्या मफलरांचा पूर लोटला होता. जावयाने आठवणीने सासऱ्यांसाठीही एक मफलर आणला होता आणि आपल्या हाताने त्यांच्या गळ्यात गुंडाळला. ऑफिसातली मंडळी रांगेतच भेटली: एक टक्कल पडलेला धिप्पाड गृहस्थ, एक चष्मेवाली, आणखी दोघे जण. जावयाने ओळख करून दिली आणि मग म्हणाला, "बाबा, तुम्ही तिकिटं कशी तपासलीत ते सांगा ना यांना. मी त्यांच्या भाषेत सांगतो."

"आत्ता? रांगेत?"

"मग कधी? अशी माणसं पुन्हा एकत्र कुठं भेटतात."

तपासनिसांनी सांगितले. एकेक वाक्य ते बोलत आणि जावई ते उलथून त्या लोकांपुढे ठेवी. टोपीच्या अंधाराचा भाग आला तेव्हा मागच्या रांगेतल्या लोकांनीही माना पुढे काढल्या. टकलू गृहस्थ फार हसला आणि तपासनिसांच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, यांना आमच्या कंपनीत घ्या."

चष्मेवालीने तिकिटे पाहायला मागितली. पाहिली, आणि ती हसायची थांबली. ती जावयाकडे वळून भराभर बोलू लागली. जावयाने मान अगदी थोडी, जेमतेम दिसेल इतकी, हलवली. ती गप्प झाली. तिने तिकिटे तपासनिसांना दोन्ही हातांनी परत दिली आणि त्यांच्याकडे न पाहता पुढे सरकली. ती मानेची हालचाल तपासनिसांनी पाहिली होती. बारीकसारीक सगळे ते पाहतच. अर्थ लावायचा राहून गेला, कारण तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"तुम्ही आधी, बाबा," जावई म्हणाला. "तुमचा मान."

तपासनिसांनी तिकीट यंत्राच्या काचेवर धरले. तांबडा दिवा लागला आणि यंत्र कर्कश ओरडले. दुसरे धरले. पुन्हा तांबडा.

"हे चालत नाहीये," दारावरची मुलगी इंग्रजीत म्हणाली.

"तुमचं यंत्र चालत नाहीये. वरिष्ठांना बोलवा."

निळ्या कोटातला एक जाडजूड माणूस आला. तपासनिसांनी त्याला भिंग दिले. पहिल्यांदा धागे, मग रेषा, मग आकडे, असा सगळा क्रम त्यांनी ठणकावून सांगितला, आणि निळ्या कोटाने तो कंटाळलेल्या सभ्यपणे ऐकून घेतला. मागून कोणीतरी शीळ घातली.

"कागद आमचाच आहे, साहेब," तो म्हणाला. "छपाईही आमचीच. तुमचं सगळं बरोबर आहे."

"मग?"

"तिकीट रद्द झालंय. ज्याचं होतं त्यानं हरवलं म्हणून कळवलं, आणि फोनवर नवं घेतलं. फोनवरचं चालतं, हे मेलं. जुन्या सभासदांना आम्ही हौसेखातर कागदावरही छापून देतो. मग काही जण तो कागद विकतात. पाटी लावलीय की आम्ही, खिडकीजवळच्या बाकाच्या मागं. केवढी मोठी."

तपासनीस त्याच्याकडे पाहत राहिले. तो सांगत होता त्यात चूक कुठे आहे हे ते शोधत होते, आणि चूक नव्हती. "तो माणूस आता कुठाय?" त्यांनी विचारले.

निळ्या कोटाने हातातल्या पडद्यावर बोट फिरवले. "आत. मघाशीच आलाय."

"एकटा?"

"नाही, दोन जागा आहेत ना. बायको आहे बरोबर."

कोणीतरी हे मागच्यांना सांगितले असावे. हशा रांगेतून मागे मागे गेला, आणि अगदी शेवटी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टकलू आता स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. चष्मेवाली केव्हाच आत निघून गेली होती.

जावई हसत नव्हता. पुलावर पहिल्यांदा भार चढवतात तेव्हा अभियंते जसे पाहतात, किती वाकतो आणि वाकायचा कुठे थांबतो, तसा तो पाहत होता.

"चला, जावईबापू," तपासनीस खालच्या आवाजात म्हणाले. "परत जाऊ. फसलो आपण."

"आपण?" जावयाने खिशातून फोन काढला आणि तो यंत्रावर धरला. हिरवा दिवा लागला, आडवा दांडा फिरला, आणि तो पलीकडे जाऊन उभा राहिला.

मध्ये कमरेएवढा दांडा होता. तपासनिसांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"तुमच्याकडे तिकीट होतं?"

"मी सभासद आहे, बाबा. लग्नाच्या आधीपासून."

"मग त्या दिवशी जेवताना... तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"कागद पाहिल्याबरोबर. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तपासली होती ना," जावई म्हणाला. "तुमच्यापुढं मी काय बोलणार?"

दारावरची मुलगी तपासनिसांना बाजूला व्हायच्या खुणा करत होती. त्यांनी दांडा सोडला नाही. त्यांच्या डोक्यात आता दुसरे काहीच नव्हते. ती फरशी होती, तिचा गारवा होता, आणि दाराच्या फटीतून हळूहळू सरकत गेलेला दिवसाचा उजेड होता.

"ते राहण्याचं," ते म्हणाले. "तुम्ही आज सांगणार होतात."

"काय?" जावयाने कानामागे हात धरला. "फार आवाज आहे इथं. मोठ्यानं बोला."

"मी इथं राहू का?"

"ऐकू येत नाहीये, बाबा."

"मी राहू का तुमच्याकडे?" तपासनीस ओरडले. हे शब्द त्या रांगेत कोणालाच कळले नाहीत. पण विनंती कोणत्याही भाषेत विनंतीसारखीच दिसते, आणि लोक एकदम चूप झाले.

"नाही," जावई म्हणाला. तो ओरडला नाही, आणि तरीही ते स्वच्छ ऐकू आले. "घरी जायला किल्ली आहे ना तुमच्याजवळ? मग झालं." तो वळला आणि जिना चढून गेला. टकलू तपासनिसांच्या बाजूने अंग चोरून पुढे झाला, फोन दाखवून आत शिरला आणि त्याच्यामागे धावला.

तपासनीस भिंतीच्या कडेकडेने चालत राहिले. रांगा ओसरल्या, दरवाजे बंद झाले. आत सामना सुरू झाल्याची गर्जना भिंतीवरून बाहेर सांडली, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेक होती.

"बाबा! बसलात का नीट? केवढा आवाज येतोय!"

तपासनिसांनी आयुष्यभर शपथेवर साक्षी दिल्या होत्या, आणि स्वतः न पाहिलेले असे काही त्यांनी त्या पिंजऱ्यात उभे राहून कधी सांगितले नव्हते.

"बसलोय," ते म्हणाले. "जागा छान आहे. सगळं दिसतंय इथून."

"आणि तो? बोलला का काही?"

आत पुन्हा गर्जना उठली. ती ओसरेपर्यंत त्यांना वेळ मिळाला.

"तो कशाला बोलेल? मीच बोललो. म्हटलं, मला परत जायचंय. इथं करमत नाही मला."

पलीकडून एक श्वास आला, लांब, सैल. बराच वेळ उचलून धरलेले ओझे कोणीतरी जमिनीवर टेकवावे तसा. रडण्याआधीचा श्वास तसा नसतो. तपासनिसांनी फोन कानाशी घट्ट दाबला. हे तपासायला त्यांच्यापाशी कोणतेही साधन नव्हते, आणि त्यांना त्याची गरजही पडली नाही.

"नक्की ना, बाबा?" लेक म्हणाली. "म्हणजे, तुमच्या मनासारखं असेल तर माझी काही ना नाही हं. मी न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेते, ओळखीचा माणूस आहे एक तिकडं. आणि बाई दिवसभरासाठीच ठेवू." ती भराभर बोलत होती, आनंदाने बोलत होती, हे सगळे तिने आधीच कधीतरी ठरवून ठेवलेले होते. "आणि आज मी मस्त जेवण करते. तुम्ही मला सगळी मॅच सांगायची. पहिल्यापासून. कबूल?"

"कबूल."

"त्याला मध्ये बोलू देणार नाही मी. तुम्हीच सांगायचं."

फोन बंद झाला. आता घरी जाता येणार नव्हते. लेकीच्या लेखी ते आत बसलेले होते. वारा सुटला होता, आणि भिंतीच्या सावलीत गारठा होता. कोपऱ्यावर एक बाई गाडीवर गरम कॉफी विकत होती आणि तिच्या रेडिओवर कोणीतरी जिवाच्या आकांताने सामना सांगत होते. तपासनीस तिच्यापाशी जाऊन उभे राहिले.

आत अचानक जमीन हादरल्यासारखा आवाज झाला. बाईने दोन्ही हात वर केले.

"गोल?" त्यांनी विचारले.

"गोल!"

"कोणी केला?"

तिने नाव सांगितले. त्यांना ते कळले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, आणि तिने हसून, सावकाश, तोडून तोडून सांगितले. डाव्या पायाने की उजव्या? डाव्या. लांबून की जवळून? बाईने हात पसरून अंतर दाखवले. तिथे उभा असलेला गोलरक्षक कोणत्या बाजूला झेपावला, हे त्यांनी विचारले तेव्हा ती त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहू लागली. तरी रेडिओ ऐकून तिने तेही सांगितले.

तपासनिसांनी ते पुटपुटत पाठ केले. जेवताना सगळे क्रमाने सांगावे लागणार होते. लेक गालाला हात लावून ऐकेल. जावई समोरच बसलेला असेल, हळूहळू जेवेल, आणि त्यांचे सांगून संपेपर्यंत एकदाही मध्ये तोंड घालणार नाही.